म्यानेजरचा बडग्या

अनय, मीरा,

परवा फोनवर तुम्ही दोघं एकमेकांना बोलू न देता तुमच्या तिकडच्या फुटबॉल संघाच्या मॅनेजरला नावं ठेवत होतात. चांगल्या खेळाडूला बाकावर बसवून ठेवलं, दुसरा उशिरा आत पाठवला, असं बरंच काही. मला त्यातलं अर्धंच कळलं. पण अनय ज्या स्वरात म्हणाला ना, 'आजी, त्याला काही म्हणजे काही कळत नाही,' तो स्वर मी ओळखला. लहानपणी रोज संध्याकाळी मी तो ऐकलेला आहे, पुलगावात, आमच्या जिन्याखालच्या सायकलच्या दुकानात. भाषा तेवढी वऱ्हाडी होती.

ते दुकान आमच्या घरमालकांचं. माझे वडील स्टेशनवर मालबाबू होते आणि आम्ही वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. खाली पुढे दुकान, मागे काका आणि काकू. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला गोष्टी ओळीने सांगायला आवडतात हे तुम्हाला ठाऊक आहे, पण काका मला ओळीने आठवत नाहीत. ते आठवतात ते काळी टोपी घालून पाण्याच्या घमेल्यापुढे उकिडवे बसलेले, ट्यूब पाण्यात दाबून धरलेली, आणि बुडबुड्यांकडे बघत कोणावर तरी रागावणारे. तो कोणी तरी म्हणजे भारताच्या फुटबॉल संघाचा मॅनेजर. काका म्हणत, म्यानेजर.

सायकलवाल्याचा फुटबॉलशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. तेव्हा फुटबॉलच्या आत रबराचा ब्लॅडर असायचा आणि सायकलच्या ट्यूबसारखंच त्याचं पंक्चर काढावं लागायचं. गिरणीचा, शाळेचा, जवळच्या दारूगोळ्याच्या डेपोतल्या फौजी लोकांचा, नाचणगावच्या पोरांचा, असा आसपासचा प्रत्येक चेंडू कधी ना कधी काकांच्या घमेल्यात बुडून वर आलेला होता. गाव त्यांना ब्लॅडरकाका म्हणायचं. ते स्वतः कधी खेळले होते का, असं मी एकदा काकूंना विचारलं. काकू भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एकडाव खेळले. चेंडू विहिरीत गेला. हे बी मांगं मांगं चालले होते."

काकांचं एक वाक्य गावात म्हणीसारखं झालं होतं. 'पंचर ट्यूबात नसते, बसवनाऱ्याच्या हातात असते.' त्याचा अर्थ असा, की ट्यूब टायरमध्ये घालताना हात चुकला तर ती आतल्या आत चिमटते. मग गिऱ्हाईक रस्त्यावरच्या खिळ्याला शिव्या देत बसतं आणि चिमटा घेणारा मोकळा सुटतो. फुटबॉलबद्दलही त्यांचं शास्त्र एवढंच होतं. खेळाडू हरत नाही, बसवणारा हरतो.

आणि मग बावन्न साली, भर पावसाळ्यात, ऑलिंपिकची बातमी आली. युरोपातल्या एका थंड गावी आपला संघ दहा गोल खाऊन आणि एक करून बाहेर पडला होता.

इंग्रजी पेपर नागपूरच्या गाडीने यायचा आणि बाबा तो स्टेशनवरूनच घरी आणायचे. मी इंग्रजी चांगलं वाचते, हा शोध काकांना आधीच लागलेला होता. जिन्याखालून हाक यायची, "मास्तरीणबाई, पेपर घेऊन या जी." मी बारा वर्षांची, आणि ते मला अहोजाहो करायचे, निदान पेपर हातात असेपर्यंत. त्या दिवशी मी वाचून मराठीत सांगितलं, की आपली बरीच मुलं अनवाणी खेळली आणि तिथं थंडी फार होती.

काकांनी ट्यूब पाण्यातून बाहेर काढली. बुडबुडे सापडायच्या आधी ट्यूब बाहेर काढताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"बिनबुटाचे? त्या थंडीत? अन् म्यानेजर काय करून राह्यला होता?"

मी म्हटलं, त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

"म्हन्जे चूक माझी हाय, असं त्यानं म्हटलं नाई."

तसं म्हटल्याचंही नाही आणि न म्हटल्याचंही नाही, असं मी सांगू लागले, पण काकांचं ठरून गेलं होतं. ते दुकानात बसलेल्या दोघांकडे वळून म्हणाले, "हारले त हारले. हारजीत आपल्या हाती नाई. पन तोंडातून एकडाव निघाले पाह्यजे का नाई? चूक माझी हाय, एवढं म्हटलं ना त्यानं, त मी त्याच्या सायकलीत जनमभर फुकट हवा भरीन."

मॅनेजर सायकलवरून पुलगावला कशासाठी येईल, हे कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून हवा भरायला येणाऱ्या प्रत्येकाला बुटांचं प्रकरण ऐकावं लागे. गोरे बूट घालतात, आपण का नाही, म्यानेजरले बूट दिसले नाईत का, त्याले डोये हायेत का. नाचणगावचे एक हिंदीचे मास्तर सोडले तर सगळे मान डोलवत. मास्तर म्हणाले, "काका, ज्या पोरानं जन्मात बूट घातला नाही, त्याला एका दिवसात बूट घालून कसं पळता येईल? मॅनेजर बिचारा काय करणार?" काकांनी पंपाचा दांडा सोडला. "पंप बिघडला जी," म्हणाले. पुढच्या गिऱ्हाइकासाठी तो आपोआप दुरुस्त झाला. मास्तर त्या दिवशी सायकल हाताने ढकलत नाचणगावला गेले, आणि नंतर कितीतरी दिवस त्यांना हवेसाठी स्टेशनकडच्या दुकानात जावं लागलं.

एक गोष्ट इथंच मध्ये सांगते, नाहीतर राहून जाईल. पुढे चार वर्षांनी आपला संघ ऑलिंपिकमध्ये चौथा आला. पदक अगदी थोडक्यात हुकलं. तोवर गावाला काकांमुळे मॅनेजरला शिव्या घालायची गोडी लागली होती, आणि लोक मोठ्या आशेने दुकानात जमले. काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काऊन त्याच्या मांगं लागता? हारल्यावर घरी जेवन जात असन का त्याले?" लोक हिरमुसून परत गेले. काका असे कसे बदलले, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

त्यासाठी आधी बडग्या म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी बैलांची पूजा होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, करीला, मारबत निघते. मारबत म्हणजे बाईचा पुतळा आणि बडग्या म्हणजे पुरुषाचा. बांबू, गोणपाट, चिंध्या, जे मिळेल त्याचे करतात. गावाला वर्षभर ज्या ज्या गोष्टीने छळलं असेल ती त्या पुतळ्यावर लादायची, 'ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत' असं ओरडत मिरवणूक गावाबाहेर न्यायची आणि जाळून टाकायची. खोकला, ढेकूण, मोंगसे म्हणजे डास, सगळे तिच्याबरोबर जातात अशी समजूत.

त्या वर्षी काकांनी म्यानेजरचा बडग्या करायचं ठरवलं.

अडचण एवढीच होती, की म्यानेजर दिसतो कसा हे कोणालाच माहीत नव्हतं. पेपरात फोटो नव्हता. मला विचारून झालं, बाबांना विचारून झालं. शेवटी काकांनी आपल्या मनाने केला. जुन्या टायरचं पोट, गोणपाटाचा कोट, आखूड मिशी, डोक्यावर हॅट, हातात मिटलेली छत्री. गळ्यात पाटी अडकवली आणि तिच्यावर लाल रंगाने मोठ्या अक्षरात लिहिलं, म्यानेजर.

मुलांनो, गावात कापडाची गिरणी होती. गिरणीत हजेरी चुकली की, धागा तुटला की, यायला उशीर झाला की लोकांना ज्याच्यापुढे उभं राहावं लागे, तो गिरणीचा मॅनेजर. काकांनी आयुष्यात जवळून पाहिलेला मॅनेजर तो एकच. त्याला पोट होतं, आखूड मिशी होती, तो हॅट घालायचा, आणि उन्हाळा असो की हिवाळा, त्याच्या हातात मिटलेली छत्री असायची. काकांच्या हे लक्षातच आलं नाही. पुलगावातल्या माणसाने डोळे मिटून म्यानेजर म्हटलं की तोच दिसायचा, त्याला काका तरी काय करणार?

मिरवणूक गिरणीच्या चाळींपुढून निघाली आणि एकेका दारातून माणसं येऊन तिला मिळू लागली. काका पुढून मागे, मागून पुढे पळत सांगत होते, "अरे हा तो नोहे, हा फुटबॉलचा हाय." एक उंच साचेवाला, म्हणजे मागावर काम करणारा, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कोनाचा बी असू द्या काका, तुमी उचला." गावाने इतकी मोठी मारबत त्याआधी पाहिली नव्हती. बंगल्यापुढून जाताना गिरणीचे मॅनेजरसाहेब व्हरांड्यात उभे होते, हातात छत्री घेऊन. काकांनी घाबरून त्यांना दोन्ही हात जोडले. ते पाहून उरल्यासुरल्यांचीही खात्री पटली.

साहेबांनी त्यावर कधी काही केलं नाही. पण रस्त्यात काका दिसले की ते छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेत, आणि काका रस्ता बदलत.

आता उकंडा. नाचणगावचा विशीतला पोरगा. घरी आई आणि दोन लहान बहिणी. कपाशीच्या हंगामात जिनिंगमध्ये सरकीची पोती उचलायची, एरवी मिळेल ते काम. दिसायला काटकुळा, पण चेंडू पायाशी आला की भोवतीची माणसं आपोआप बाजूला होत. गिरणीची स्वतःची टीम होती आणि चांगल्या खेळाडूला गिरणी कायमची नोकरी द्यायची. पंधरा ऑगस्टला गावची टीम आणि फौजी टीम यांचा सामना व्हायचा. मॅनेजरसाहेब कप द्यायला येत आणि त्यातून एखादा पोरगा हेरून नेत. पुढच्या वर्षी तो उकंडा असणार, हे गावात सगळे धरून चालले होते. उकंड्याची आई आमच्या दुकानापुढून जाताना काकूंना सांगायची, की एवढं झालं की मोठीचं लग्न करून टाकते.

गावच्या टीमचं सगळं एक तिकीटबाबू पाहायचे. त्यांची बदली झाली. तेव्हा पोरं दुकानात आली, अर्धी थट्टेत, अर्धी खरोखर. त्यांचं म्हणणं, "काका, सालभर झालं तुमी बोलून राह्यले. आता करून दाखवा."

काका त्या दिवशी फार वेळ बुडबुडे बघत बसले. मग म्हणाले, करतो. आतून काकूंचा आवाज आला, "घ्या. म्यानेजर झाले. आता घमेल्यात कोन बसते?"

काकांनी पहिलं काम केलं ते बुटांचं. बाजारात फौजेतले जुने बूट मिळत. काकांनी ते आणले, आणि तळाला जुन्या टायरच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकल्या, पाय घसरू नये म्हणून. पोरं ते घालून दुकानापुढे चालून दाखवायची तेव्हा बैल नाल ठोकून आल्यासारखा आवाज व्हायचा. उकंड्याला घोट्यापाशी फोड आले. काका म्हणाले, आठ दिवसांत बसतील.

आमच्याकडची माती काळी, कपाशीची. पावसात ती नुसती ओली होत नाही, धरून ठेवते. शेतातून दहा पावलं चाललं की चपलेखाली मातीची दुसरी चप्पल तयार होते. म्हणून पाऊस आला की माणसं पायताण हातात घेतात आणि अनवाणी चालतात. हे नुकतं चालायला लागलेल्या पोरालाही कळतं. काकांनाही कळत होतं. पण वर्षभर ते इतकं बोलले होते, की ते बोलणं आता त्यांच्या पुढे पुढे चालत होतं.

पंधरा ऑगस्टला सकाळपासून पाऊस होता. मी बाबांच्या छत्रीत उभी होते, काका आमच्याजवळच. सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात आमच्या पोरांचे पाय हत्तीचे झाले. टायरच्या पट्ट्यांनी माती अशी पकडली, की पाय उचलायचा तर दोन्ही हातांनी उचलावा असं वाटे. फौजी टीमचेही बूट चिखलात रुतत होते. दोन गोल करूनही त्यांच्या हवालदाराने एकदा खाली पाहिलं, शिट्टी मारली, काहीतरी सांगितलं, आणि ते सगळेच्या सगळे रेषेवर बसून बुटांच्या नाड्या सोडू लागले. बुटांचा ढीग घालून ते अनवाणी परत आत गेले आणि हरणांसारखे पळू लागले.

काकांनी ते पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहत होते म्हणून मला माहीत आहे.

मध्यंतरात उकंडा लंगडत आला. त्याने एवढंच विचारलं, "काका, बूट काढू का? पाय उचलत नाई."

बाबा हळूच म्हणाले, "अहो, काढू द्या." पाठीमागून कोणीतरी, बहुतेक ते हिंदीचे मास्तर, खाकरले. त्या खाकरण्यानं घात केला असं मला अजून वाटतं.

"बूट निघनार नाईत," काका म्हणाले.

उत्तरार्धात उकंड्याला एकदा मोकळा गोल मिळाला. समोर कोणी नाही, फौजी गोलकी पलीकडे पडलेला, व्यासपीठावर साहेब खुर्चीत पुढे सरकलेले. उकंड्याने पाय मागे घेतला आणि जीव खाऊन मारला. बूट गोलात गेला. चेंडू तिथंच राहिला.

सगळं मैदान हसलं. साहेबही हसले, आणि थोड्या वेळाने छत्री उघडून निघून गेले. आम्ही सहा गोलांनी हरलो. पाऊस वाढला म्हणून सामना आधीच थांबवला, नाहीतर दहा झाले असते, असं लोक म्हणत होते, मुद्दाम काकांना ऐकू जाईल असं.

त्यानंतर खालून पेपरची हाक येईना. काका पंक्चर काढत, पण गप्प. उकंडा दुकानाकडे फिरकला नाही, आणि त्याची आई आता पलीकडच्या बाजूने जाऊ लागली. काकू माझ्या आईला म्हणाल्या, "धड जेवत नाईत. मी म्हटलं, म्यानेजरवर बोला जराक, बरं वाटन. त म्हन्ते, कोन्या तोंडानं बोलू?"

मग पोळा आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत.

आम्ही वरच्या खिडकीत होतो. गल्लीच्या तोंडाशी ओरडा ऐकू आला, आणि बडग्या दिसला तेव्हा आईने तोंडाला पदर लावला. डोक्यावर काळी टोपी, हातात तुटका पंप, गळ्यात पाटी, म्यानेजर. आणि पायात चिखलाने माखलेले, टायर ठोकलेले ते दोन बूट. बांबूचं एक टोक उकंड्याच्या खांद्यावर होतं. 'बूट-मोजे घेऊन जाय गे मारबत' असा गजर चालला होता. दुकानापुढे आल्यावर पोरं थांबली, आणि थांबल्यावर पुढे काय करायचं हे त्यांना कळेना. ओरडा आपोआप बंद झाला.

काका बाहेर आले. बडग्याभोवती एक फेरी मारली. टोपी जरा डावीकडे तिरपी केली, कारण ते ती तशी घालत. मग उकंड्याशेजारचा पोरगा बाजूला करून त्यांनी बांबूचं दुसरं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "चाला."

मी धाकट्या भावाचा हात धरून जिना उतरले आणि मागे धावले. मिरवणूक वेशीकडे वळेल असं सगळ्यांना वाटत होतं. काकांनी ती गिरणीच्या बंगल्याकडे वळवली.

साहेब व्हरांड्यात आले. समोर पुन्हा एक बडग्या आणि पुन्हा तीच पाटी. त्यांचा चेहरा लाल झाला होता. काकांनी बांबू खाली ठेवला, हात जोडले, आणि ह्या वेळी ते घाबरलेले नव्हते.

"साहेब, मांगच्या साली लोकाईले तो तुमचा वाटला. तुमचा नोहता. हा पाहून घ्या, हा माझा हाय." मग त्यांनी उकंड्याला दंडाला धरून पुढे ओढलं. "हा पोट्टा बूट काढू का म्हनत होता. मी काढू नाई देल्ले. पंचर माझ्या हातानं झालं. चूक माझी हाय. याले एकडाव बिनबुटानं खेयतानी पाहून घ्या, मंग पटन त ठेवा."

उकंडा जमिनीकडे पाहत होता. साहेब पायऱ्या उतरून आले, बडग्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, छत्रीच्या टोकाने त्याच्या पोटातलं गोणपाट दाबून बघितलं.

"पिछले साल वाला ज़्यादा अच्छा बना था," म्हणाले.

आधी चाळीतली माणसं हसली, मग आम्ही सगळे. साहेब जाता जाता उकंड्याला म्हणाले, "सोमवार को मैदान पे आना. बिना जूते के." तो गेला. पुढे बरीच वर्षं तो गिरणीच्या टीमचा कप्तान होता, हे इथंच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही फोनवर विचारत बसणार नाही.

त्या सकाळी मात्र सोमवार यायचा होता. मिरवणूक गजर करत वेशीबाहेर आली. पोरांनी बडग्या काळ्या मातीत रोवला, कोणीतरी कडब्याची पेंढी पेटवून आणली. काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते आपल्याच पुतळ्यापुढे उकिडवे बसले, दुकानात घमेल्यापुढे बसायचे तसेच, आणि वाळक्या चिखलाने घट्ट झालेल्या नाड्या नखांनी सोडवू लागले. एक सुटेना, तेव्हा उकंडा शेजारी येऊन बसला आणि त्याने दुसऱ्या बुटाला हात घातला.

"बूट काढा रे पयले," काका म्हणाले. "मंग लावा काडी."